चारठाण्यात उघडलेलं तिसरं मुखपृष्ठ

पुण्यात बसून मुखपृष्ठं करायला लागून मला बारा वर्षं झाली. ज्या गावातलं पुस्तक, त्या गावाला मात्र कधी गेले नव्हते. या वेळी गेले, कारण कुसुमबाईंच्या गोष्टी वाचताना मी घरात एकटीच खदाखदा हसले होते. कुसुमबाई चारठाण्याच्या शाळेतून निवृत्त झाल्या आणि साठीनंतर हे त्यांचं पहिलं पुस्तक. एका गोष्टीत सात बायका जीपमध्ये कोंबून पाथरीला दर्शनाला निघतात आणि वाटभर आपापल्या नवऱ्यांची सालटी काढतात. प्रकाशन गावातच होतं. मी तिकीट काढलं.

जाणाऱ्यांसाठी सांगते. पुण्याहून रेल्वेने सकाळी परभणीला उतरा, स्टँडजवळ सुशीला खा. कुरमुऱ्यांचा हा तिखट नाश्ता पंचवीस रुपयांत पोटभर मिळतो. पुढे जिंतूरपर्यंत एसटी, बायकांना अर्धं तिकीट. जिंतूरहून चारठाण्याला जीप. तीत चौदा जण बसल्याशिवाय ड्रायव्हर चावीला हात लावत नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन कंबरेएवढं, ओढे भरून वाहत होते.

"चार दिस झाले, पाऊस थांबंना," शेजारची बाई म्हणाली. "कुणाकडं आल्या तुमी?"

कुसुमबाईंचं नाव सांगितलं तर जीपमधले अर्धे लोक त्यांचे विद्यार्थी निघाले.

गावातली जुनी देवळं वेळ काढून बघा. मी घाईत बघितली, तरी खांबांवरच्या कोरीवकामापुढून पाय निघेना. मग शाळेच्या हॉलमध्ये गेले. समोर नऊवारीतल्या बायका दाटीवाटीने बसलेल्या. स्टेजवर कुसुमबाईंसोबत पाच पाहुणे आणि प्रत्येकाच्या हातात चकचकीत कागदात गुंडाळलेलं पुस्तक. आपल्याकडे पुस्तक असंच बाहेर येतं. लेखिकेनेसुद्धा ते तोवर बघितलेलं नसतं. कागद फाटले, पाहुण्यांनी पुस्तकं फोटोसाठी छातीशी धरली आणि माझं डोकंच फिरलं.

मुखपृष्ठावर भेगाळलेली जमीन होती. वर एक वाळकं झाड.

पहिल्या रांगेत जनाबाई होती. जीपच्या गोष्टीतली सगळ्यात वांड बाई हीच. तिने पुस्तक हातात घेतलं, उलटंपालटं केलं.

"बाई, हे कुणाच्या मयतीचं पुस्तक हाय का?" असं म्हणून तिने ते न उघडता खुर्चीवर ठेवलं.

कुसुमबाईंचं हे एकच पुस्तक, आणि ज्यांच्यासाठी लिहिलं त्या बायका ते उघडत नव्हत्या. मला इतका संताप आला की चहाच्या टेबलापाशी मी प्रकाशकांना गाठलंच.

"विनोदी गोष्टींवर दुष्काळ? बाहेर बघितलंत का?"

"मॅडम, मराठवाडा म्हटलं की लोकांना हेच कळतं," ते शांतपणे चहा ओतत म्हणाले.

"लेखिकेला दाखवलं होतं?"

"कव्हर लेखकाला दाखवत बसलो तर पुस्तक निघायचं कधी? चार पुस्तकांची कव्हरं एका शीटवर छापायची होती, एकासाठी चारही अडली असती. आणि काढलंय तुम्हीच ना?"

खरं होतं. आमच्या धंद्यात तीन नमुने पाठवायची रीत आहे. दोन मनापासून करायचे आणि तिसरा मुद्दाम टुकार, म्हणजे समोरचा निमूट पहिल्या दोनांतला एक उचलतो. जीपच्या खिडक्यांतून सात रंगांचे पदर उडतायत, असा माझा पहिला नमुना होता. भेगाळलेली जमीन तिसरा. नेटवरून उचललेल्या फोटोवर दहा मिनिटांत केलेला. त्यांनी तोच उचलला हे मला हॉलमध्येच कळलं. प्रकाशकांचा राग येत होताच, आता स्वतःचाही येऊ लागला आणि तो जास्त जाळत होता.

मी कुसुमबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला.

"म्हंजे हे नापसंत व्हावं म्हणून काढलं?"

"हो."

"मग पाठवलं कशाला?"

मी पुन्हा धंद्याची रीत सांगू लागले, तोवर त्या उठल्याही.

बाईंनी शाळेचं कपाट उघडायला लावलं. जूनमध्ये मुलांच्या पुस्तकांना घालून उरलेला खाकी कागद बाहेर आला. जनाबाईसकट सगळ्या बायका जमिनीवर मांड्या घालून बसल्या आणि एकेका प्रतीला कव्हर घालू लागल्या. बाई वर शाईपेनाने पुस्तकाचं नाव लिहीत होत्या. मीही कोपरे दुमडत बसले. म्हटलं, "बाई, वर जीप काढून देऊ का?"

"नगं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "तू लय हुशार हायस. पुन्हा तीन काढशील."

बायका हसल्या. एक प्रत झाकून झाल्यावर जनाबाईने ती उघडली आणि नातीला म्हणाली, "वाच गं, माझं काय लिवलंय बघू."

परत येऊन आता पंधरा दिवस झाले. परवा त्याच प्रकाशकांचा फोन आला. हिंगोलीकडचं पुस्तक आहे, काहीतरी ग्रामीण पाठवा. म्हटलं, आधी गाव बघून येते, मग एकच पाठवीन. ते चिडले. चिडू देत.

कुसुमबाईंनी दिलेली प्रत टेबलावर आहे. खाकी कागदाखाली जमीन पार झाकली गेली. पण दुसऱ्या पानावर 'मुखपृष्ठ' या शब्दापुढे माझं नाव छापलंय. ते झाकायला बाईंनी कागद दिला नाही.