दंडघेर

तुमच्या स्वतःच्या दंडाचा घेर किती, हे तुम्हाला ठाऊक आहे का? नसणारच. पिंप्राळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी शिवणकाम करणाऱ्या खालांना मात्र अर्ध्या जळगावच्या बायकांचे दंड पाठ आहेत. या शहरात माणसाला त्यांच्याइतकं नेमकं ओळखणारं दुसरं कोणी नाही, हे मी कोणत्याही सभेत उभी राहून सांगेन. नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत. "ती साडेदहा इंचवाली येऊन गेली," म्हणतात, आणि ती कोण हे आपण शोधायचं. त्यांच्या वहीतही नावं नाहीत. प्रत्येक पानावर त्या बाईच्या पहिल्या कापडाची चिंधी टाचलेली आणि खाली तारखांसह मापं. माझ्या पानावर कॉलेजात असताना शिवलेल्या कुर्त्याचे पिवळे ठिपके आहेत.

आलेल्या बाईला बस म्हणण्याआधी त्या टेप लावतात. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या एक बाई मत मागायला आल्या, तर त्यांचंही माप घेतलं. बाईंनी श्वास रोखून धरला. "पोट आत ओढू नका ताई," खाला शांतपणे म्हणाल्या, "ब्लाउज पोट आत ओढत नाही." कार्यकर्ते हसायला बाहेर गेले. एका वरमाईने मांडवात आपण किती बारीक झालो ते सांगायला घेतलं, तेव्हा खालांनी पंगतीत बसल्या बसल्या तिचे तीन वर्षांचे आकडे म्हणून दाखवले. ती पुढच्याच महिन्यात तोंड फुगवून पुन्हा त्यांच्याकडे आली, कारण अंगावर बसेल असा ब्लाउज दुसरं कोणी शिवत नाही.

मला ल्युपस आहे. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच शरीरावर उलटते, असा हा आजार. सांधे, कातडी, मूत्रपिंड, काहीही धरतो. कधी निवतो, कधी पेटतो. गेल्या हिवाळ्यात मी खुशीत होते. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी गाल गोल झाले होते, गल्ली "तब्येत सुधारली" म्हणत होती आणि तपासणीच्या कागदावर वजन दोन किलोंनी वाढलेलं होतं. फक्त कुर्त्याच्या बाह्या सैल पडायला लागल्या होत्या. त्या आत घ्यायला मी खालांकडे गेले. त्यांनी दंडाला टेप लावला, वही उघडली, पुन्हा टेप लावला. मग कुर्त्याची घडी घालून माझ्या मांडीवर ठेवली.

"मी नाही घेणार आत."

"का?"

"दीड इंच कमी शे. बाही आत घेतली की तुलाबी दिसणार नाही, मलाबी नाही."

"खाला, वजन वाढलंय माझं. काट्यावर."

"काटा बठ्ठं एकत्र मोजतो, पोरी. मांस, पाणी, तुझी चप्पल. पाय दाखव."

घोट्यावर त्यांनी अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला.

मी भडकले. भोंदू वैदूंविरुद्ध नुकतंच मी पत्रक काढलं होतं. टेपने रोगनिदान होत नसतं, शरीर म्हणजे कापड नव्हे, अशी त्यातली वाक्यं मी त्यांना ऐकवली. सुईत दोरा ओवत त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"झालं? उद्या धुळ्याची पहिली बस. माझं दुकान बंद शे उद्या."

ऐन लग्नसराईत त्यांनी दुकान बंद ठेवलं. धुळ्याला माझ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?"

"मी हिच्या बाह्या शिवते," खाला म्हणाल्या आणि वही पुढे सरकवली.

बाईंनी हसत वही घेतली. आकडे वाचता वाचता हसू थांबलं. लघवी तपासली, रक्त तपासलं. लघवीतून प्रथिनं वाहून जात होती, रक्तातली कमी झाली होती. आजार मूत्रपिंडात शिरला होता. "अंग झिजत होतं आणि साचलेलं पाणी काट्यावर ती झीज भरून काढत होतं," त्या म्हणाल्या. "दंड उतरायला इतरही कारणं असतात, या गोळ्यांनीही स्नायू झिजतात. पण ल्युपसच्या माणसाचं अंग असं उतरलं, तर आजार पेटलाय का हे बघायलाच हवं. अजून उशीर झाला असता तर मूत्रपिंडं वाचवणं अवघड होतं."

औषधं बदलली, ताटातलं जेवण बदललं. दंड पाऊण इंच भरून आला आहे, उरलेल्यासाठी लढाई चालू आहे. दर दुसऱ्या रविवारी खाला माप घेतात. हल्ली त्यांना डाव्या डोळ्याने धूसर दिसतं, म्हणून टेपवरचा आकडा मलाच वाचायला लावतात. मी पाव इंच वाढवून सांगितला की म्हणतात, "पुन्हा वाच."

धुळ्याला दवाखान्याच्या रांगेत बसते तेव्हा मला सैल बाह्या सेफ्टी पिनने टाचून आलेल्या बाया दिसतात. काट्यावर उभ्या राहतात, आकडा लिहिला जातो, पुढचा नंबर पुकारला जातो. तुमच्या घरात, शेजारी, बसमध्ये हा आजार असलेली अशी कोणी बाई दिसली, तर तिला वजन विचारू नका. बाही कधीपासून सैल झाली, पाय सुजतात का, लघवीला फेस येतो का, एवढं विचारा. आणि तिने काही नाही म्हणून हात झटकला, तर दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत बसमध्ये चढा.