गुरुवारचं दुखणं

उइटहॉर्नच्या वसुधाताई दर गुरुवारी आजारी पडतात, ही बातमी आमस्टेलव्हेनच्या मराठी मंडळींत आसावरीने पोचवली. आणि आसावरीने पोचवली म्हणजे ती तिखटमीठ लावूनच पोचली. कुणी म्हणालं, बाईंना मेडिकल कॉलेजाने प्रयोगासाठी घेतलंय. कुणी म्हणालं, पोरं त्यांच्या दंडावर सुया टोचायला शिकतात. खरं होतं ते इतकंच, की अ‍ॅमस्टरडॅमच्या एका कॉलेजाला नकली पेशंट हवे होते, तेही डच अडखळत बोलणारे. बाहेरून आलेल्या माणसांशी उद्याच्या डॉक्टरांना धड बोलता येत नाही, हे तिथल्या वरिष्ठांच्या, उशिरा का होईना, ध्यानात आलं होतं. वसुधाताई अठरा वर्षं या देशात होत्या आणि त्यांचं डच अजून उंबऱ्याला ठेचकाळत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या एखाद्या उणिवेला कुणी नोकरी दिली.

"काय वसुधाताई, या आठवड्यात काय झालंय तुम्हाला?" आसावरी फोनवर विचारायची.

"मधुमेह."

"आणि गेल्या आठवड्यात?"

"तोच. वर्षभर तोच आहे. बरी झाले तर काढून टाकतील."

आसावरी हसायची आणि कुणाच्या मुलीचं कुणाशी जुळतंय याकडे वळायची. फोन ठेवला की घर पुन्हा होतं तसं. नवरा, नरेंद्र, जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा निहार कॅनडात. रविवारी त्याचा फोन यायचा, तो म्हणायचा, "ऑल गुड?" आणि ताई म्हणायच्या, "ऑल गुड." मग दोघं हवामानावर यायचे. सोमवार ते बुधवार ताईंचं तोंड फक्त जेवायला उघडे. गुरुवारी मात्र कोरा पांढरा कोट घातलेलं कुणीतरी समोर बसून, डोळ्यांत बघून विचारायचं, "कसं वाटतंय तुम्हाला?" एका दुपारी सोळा-सतरा वेळा. आता हे नाटक आहे हे ताईंना कळत नव्हतं असं नाही. पण उपाशी माणूस ताट कुणाच्या पंगतीचं आहे हे कुठे विचारतो?

नाटकाचा कागद असा होता: बाईंची साखर वाढली आहे. गोळ्यांनी पोटात ढवळतं म्हणून त्यांनी तीन महिन्यांपूर्वी गोळ्या सोडल्या आहेत, पण डॉक्टर रागावतील म्हणून ते लपवलं आहे. डॉक्टरने "गोळ्या घेता ना?" असं विचारलं तर "हो" म्हणायचं. त्याने थांबून, वेगळ्या शब्दांत, पुन्हा विचारलं तरच खरं सांगायचं. आठ मिनिटांत सगळी परीक्षा या दुसऱ्या प्रश्नावर होती.

जानेवारीच्या परीक्षेनंतर मार्लूसने त्यांना बोलावलं. ही मार्लूस पेशंटशी बोलायचं कसं हा विषय शिकवायची. चाळिशीची, उंच, आणि डच लोक बोलतात तशी थेट.

"वसुधा, बाकीच्या पेशंटांच्या खोल्यांत तिघांतला एक नापास झाला. तुझ्या खोलीत सतरापैकी सतरा पास."

"पोरं हुशार होती," ताई म्हणाल्या.

"एकाला तर तू सरळ सांगितलंस, 'गोळ्यांचं विचारायचं राहिलं.' रेकॉर्डिंग आहे."

"तो फार घामाघूम झाला होता गं."

एकेकाळी मिरजेच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या, आणि बोर्डाच्या परीक्षेत एका मुलीच्या वेणीतून चिठ्ठी उपसून काढणाऱ्या याच त्या बाई. आसावरीला कळलं तेव्हा ती फोनवर गुदमरेपर्यंत हसली. "म्हणजे परदेशात येऊन कॉपी पुरवलीत, ताई."

मार्लूस मात्र हसली नाही. "खरा पेशंट यांना काही सांगणार नाही," ती म्हणाली. "डॉक्टर एकदा विचारेल, तो 'सगळं ठीक' म्हणेल आणि घरी जाईल. मार्चमध्ये फेरपरीक्षा आहे. तू गप्प राहू शकलीस तर ये. नाही तर स्क्रीनवरचा, कॉम्प्युटरचा पेशंट आम्ही घेतलाच आहे. तो कुणाला दया दाखवत नाही."

मार्लूसला नरेंद्रचं काही ठाऊक नव्हतं. ती सहज बोलून गेली होती.

नरेंद्रला पुलाच्या चढावर सायकल मारताना छातीवर दाब यायचा. तो हाउसआर्ट्सकडे, म्हणजे गल्लीतल्या डॉक्टरकडे गेला तो गुडघ्यासाठी. तरुण डॉक्टरने गुडघा दाबून पाहिला, पॅरासिटामॉल सांगितली, आणि उठता उठता विचारलं, "बाकी सगळं ठीक?" नरेंद्र आपल्या उत्तमातल्या उत्तम डचमध्ये म्हणाला, "सगळं ठीक." शेजारच्या खुर्चीत वसुधाताई बसल्या होत्या. त्यांना छातीचं माहीत होतं. पण नवऱ्याने डॉक्टरसमोर ठीक म्हटल्यावर बायकोने मध्ये तोंड घालायचं, हे त्यांना जमलं नाही. बाराव्या दिवशी नरेंद्र गेला. पुढे सगळ्यांना ताई एकच सांगत आल्या, की डॉक्टरने पुन्हा विचारायला हवं होतं. शेजारच्या खुर्चीबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. जानेवारीत सतरा पोरांपुढे त्यांच्या तोंडून जे घरंगळलं, ते तेव्हापासून अडकून बसलेलं होतं.

मार्चच्या त्या गुरुवारी ताई फेरपरीक्षेला गेल्या. शेवटची आलेली मुलगी फेम्के. मानेवर लाल चट्टे उठलेले, हातातलं पेन सारखं टिकटिकत. आधीच एका खोलीत नापास झालेली. इथे चुकली तर वर्ष जाणार.

"गोळ्या घेता ना तुम्ही?"

"हो," ताई म्हणाल्या.

आणि थांबल्या. मांडीवरच्या पर्सचा पट्टा त्यांनी बोटाभोवती गुंडाळला. विचार गं बाई, त्या मनात म्हणत होत्या, पुन्हा विचार, मी इथेच बसलेय. फेम्के त्यांच्याकडे बघत होती. तिला काहीतरी खटकलं होतं, ते डोळ्यांत दिसत होतं. मग तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. तिने भात कमी करायला सांगितलं, रोज अर्धा तास चालायला सांगितलं, हात मिळवला आणि ती गेली.

गुणांच्या कागदावर शेवटचा प्रश्न पेशंटसाठी असे: या डॉक्टरकडे पुन्हा याल का? वर्षभर ताईंनी प्रत्येकाला "हो" दिलं होतं. आज त्यांनी "नाही"वर खूण केली, आणि ती खूण इतकी जड झाली की पेन कागदातून आरपार गेलं.

"छान केलंस," मार्लूस म्हणाली. "गुरुवारी भेटू."

ताई ट्रामच्या थांब्यावर आल्या, तर बाकावर फेम्के. नाक लाल. आता उठून जावं तरी पंचाईत, बसावं तरी पंचाईत. ताई बसल्या.

"कशा आहात?" फेम्केने विचारलं. या देशात ते सगळेच विचारतात.

"बरंय."

रूळ ओलांडून एक सायकल गेली. मग फेम्के म्हणाली, "खरंच? मघाशी खोलीत तुम्ही फार एकट्या वाटलात मला. तो तुमच्या पाठांतराचा भाग नव्हता, असं वाटलं."

आणि ती थांबली. अगदी शिकवतात तशी, घड्याळाकडे न बघता.

वसुधाताईंनी तोंड उघडलं. सांगण्यासारखं काय थोडं होतं? रविवारनंतर कुणाशी बोलले नाही, हे होतं. दोघांचा भात अजूनही हातून शिजतो, हे होतं. शेजारची खुर्ची होती. फेम्के वाट बघत होती.

"बरंय, बरंय," ताई म्हणाल्या, आणि वर हसल्यासुद्धा. "तू नीट अभ्यास कर."

समोरच्या बाजूची ट्राम आली आणि फेम्के गेली. पाच मिनिटांनी उइटहॉर्नची आली. खिडकीशी बसल्यावर ताईंना उमगलं की त्यांना दुसऱ्यांदा विचारलं गेलं होतं, वेगळ्या शब्दांत, थांबून. तरी त्यांनी सांगितलं नाही. म्हणजे त्या डॉक्टरने पुन्हा विचारलं असतं तरी नरेंद्रने सांगितलं असतंच असं नाही. दोन वर्षं ज्याच्यावर राग धरला, तो हातातून निसटला. रागाचीही सोबत असते, ती गेली.

त्यांनी फोन काढून मार्लूसला लिहिलं: "शेवटच्या मुलीने दुसऱ्यांदा विचारलं. थांब्यावर. नापास झाली असेल तर हे धरता येईल का?"

उत्तर लगेच आलं. "नाही. परीक्षा संपल्यावरचं धरत नाही. नियम आहे." आणि त्याखाली आणखी एक ओळ: "काय विचारलं तिने?"

"कशी आहेस म्हणून."

"मग तू काय सांगितलंस?"

बाहेर हरितगृहांच्या काचा सरकत होत्या. ताईंनी एक लांब वाक्य लिहिलं, डचमध्ये, क्रियापद कुठे जातं ते शोधत. वाचलं. पुसलं.

"बरी आहे म्हटलं," त्यांनी लिहिलं.

मार्लूसने अंगठा पाठवला.