फायनलला कचरूकाका नकोत

आमच्या ह्यांना, कचरूला, हॉकीचं येड आहे. येड म्हणजे येडच. शिक्षण सातवी, नोकरी वाळूजच्या कारखान्यात प्रेस मशीनवर, आन् जीव कुठं? तर ज्या कॉलेजात एक दिवस शिकले नायत, त्या कॉलेजच्या टीमवर. तरणे असताना तिथल्या कंपाउंडच्या कामावर गवंड्याच्या हाताखाली होते. तवा भिंतीवरून मॅच बघितली, ती आजतागायत बघतायत. सत्तावीस वर्षं झाली. पोरगी झाली त्या दिवशी बी हे सेमीफायनलला होते. मी अजून सुनावते.

फायनलच्या आदल्या दिवशी कॅप्टननं स्टिक घेऊन आमच्या घरी यायचं, हा रिवाजच पडलाय. हे जुनी ग्रिप सोलतात, गुलमंडीच्या बाजारातून आणलेली नवी गुंडाळतात, इतकी घट्ट की एक सुरकुती दिसायची नाय. तोवर पोरगं माझ्या हातची भाकरी आन् ठेचा हाणतं. गेल्या दोन्ही फायनल हरलो आम्ही. हरले म्हणायला पाहिजे, पण ह्यांच्यासोबत राहून माझी बी जीभ तशीच वळते.

औंदा कॅप्टन सत्यम. फर्स्ट इयरला होता तवापासून हक्कानं जेवायला येणारा. उद्या तीन वाजता फायनल. ह्यांनी सुट्टी टाकली, ग्रिप आणली, दुपारपासून सतरा वेळा दारात जाऊन आले. मी म्हटलं, काय पोरगी बघायला पाहुणे येणारेत का?

चहाच्या टायमाला सत्यम आला. हात रिकामे. बूट काढंना, उंबऱ्यातच उभा. आत ये म्हटलं तरी मान खाली. मग एकदाचं बोलला.

"काका, उद्या ग्राउंडवर येऊ नका. दोन्ही टायमाला तुमचीच ग्रिप होती, तुम्हीच गोलमागं बसले होते. पोरं पनवती म्हणतात तुम्हाला."

"पोरं म्हणतात का तू म्हणतो?" मी विचारलं.

येतो म्हणाला आन् गेला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. गेल्या वर्षी पेनल्टी स्ट्रोक कुणी घालवला? ह्याच सत्यमनं. तवा ह्यानंच रडत रडत आमच्या घरी येऊन जेवण केलं होतं.

आन् सांगितलं तरी कुणाला? लासूर स्टेशनला पुतणीच्या हळदीत बाया माझ्या सासूला, चंपाबाईला, विधवा म्हणून मागं सारत होत्या, तवा ज्यानं भर मांडवात आईचा हात धरून पहिली हळद तिच्याच हातानं लावायला लावली, त्या माणसाला. आमच्या घरात शकुन-अपशकुन कुणी तोंडातून काढत नाय.

मला वाटलं, हे खवळतील, उद्या मुद्दाम जाऊन पुढं बसतील. मी म्हटलं, चला, मी बी येते, बघू कोण अडवतंय. तर हे फोन लावून बसले. सुपरवायझरला सांगितलं, सुट्टी कॅन्सल करा, उद्या सेकंड शिफ्टला येतो.

"तुम्ही बी मानायला लागले का हे?"

"मी नाय मानत. पण पोरं मानतात. मी दिसलो तर त्यांचे हात कापतील, बॉल सुटंल."

बोलता बोलता डोळे भरले त्यांचे. सत्तावीस वर्षांत कितीदा हरले, पण ह्या माणसाच्या डोळ्यात मी पाणी बघितलं नव्हतं. त्या पोराच्या मुस्काटात द्यावीशी वाटली मला. खोटं कशाला बोलू, उद्या हरू देत मेले असं वाटलं, आन् तसं मी बोलले बी.

तवा हे माझ्यावरच चिडले. असलं बोलू नको म्हणाले.

"अहो, पण उद्या तुमच्याबिगर जिंकले, तर झालंच की. मग पुढं कधीच बोलावणार नायत तुम्हाला."

ते त्यांना माझ्या आधीच कळलं होतं. शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले त्यांनी.

"व्हय," म्हणाले. "पण जिंकायला पाहिजेत."