पोटापाण्याला काय करता?

डॉक्टरांची चिठ्ठी हातात आली की आक्का ती आधी टेबलावर पालथी घालायच्या. मग चष्मा कपाळावर चढवायच्या आणि समोरच्या माणसाला विचारायच्या, "पोटापाण्याला काय करता?"

माणूस गोंधळायचा. दवाखान्यात आलोय, तर दुखतंय कुठं ते विचारायचं सोडून ही बाई सोयरीक जुळवायला बसल्यासारखी धंदा काय विचारतेय! पण सांगायचा. मग आक्का म्हणायच्या, "हां. आता तुमचं आजारपन तुमच्याच भाषेत सांगते." आणि सांगून झालं की, "आता मी गप बसते. काय कळलं, ते तुमी मला सांगा."

तासगावातल्या एका दवाखान्यात मी औषधांच्या खिडकीत बसायचो. माझ्या खिडकीला लागूनच, जिन्याखाली, आक्कांचं टेबल. सरकारी नोकरीतून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या या बाईंना डॉक्टरांनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. डॉक्टर माणूस म्हणून चांगले, पण बोलायला लागले की निम्मं मराठी, निम्मं इंग्रजी आणि सगळं एका दमात. पेशंट आत "बरं, बरं" करायचा आणि बाहेर येऊन आमच्या तोंडाकडं बघत उभा राहायचा. तुम्ही कधी दवाखान्याच्या बाकावर तासभर बसला असाल तर हा चेहरा तुम्ही पाहिलाच असेल. कदाचित तो तुमचाच असेल.

एकदा एक म्हातारी बाहेर आली ती डोकं खाजवतच.

"काय म्हनलं डॉक्टर?" आक्कांनी विचारलं.

"बीपी हाय आहे, म्हनलं. आवं, हाय ते कळलं. पर आहे कशाला म्हनायचं परत? एकदा आमच्या भाषेत आन् एकदा त्यांच्या, असं दोनदा सांगितलं. म्हंजे लय वंगाळ दिसतंय."

मी खिडकीत तोंड लपवून हसलो. आक्का हसल्या नाहीत. त्यांनी म्हातारीला शेजारी बसवून 'हाय' म्हणजे इंग्रजीत वाढलेलं, हे सांगितलं आणि उठून डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. "साहेब, आपल्याकडं 'हाय' म्हनू नका. वाढलंय म्हना," असं त्यांनी बजावल्याचं मी ऐकलं. डॉक्टर आठ दिवस 'वाढलंय' म्हणाले आणि नंतर पुन्हा 'हाय'वर आले.

दम्याचा एक माजी फौजी यायचा. त्याला दोन पंप दिले होते, रोज ओढायचा एक आणि दम लागल्यावर ओढायचा एक. तो रोजचा पंप ठेवून द्यायचा आणि दम लागला की दुसरा ओढत बसायचा. आक्का म्हणाल्या, "सायेब, चौकीवर पहारा कवा असतो? शत्रू आल्यावर, का रोज?"

"रोज."

"मग हा पंप पहारेकरी. शत्रू दिसो न दिसो, रोज उभा पायजे. आनि हा दुसरा, हल्ला झाल्यावर बोलवायचा." फौजी खुर्चीतून उठला आणि चक्क सलाम ठोकून गेला.

पूर्वेकडचा एक मेंढपाळ होता. साखर वाढलेली आणि पायाला जखम. त्याला विचारलं, "मेंढराचं खूर बघता का न्हाई?"

"बघायलाच लागतंय. काटा ऱ्हायला तर मेंढरू बसतंय."

"साखरेनं आपल्या पायाचं कळनं कमी होतंय. तुमाला काटा रुतला तर समजायचा बी न्हाई. मग आधी आपलं पाय बघायचं, मग मेंढराचं. रोज." पुढच्या वेळी तो आला तो पाय धुऊन, पुसून, आक्कांना दाखवायलाच.

मी मूळचा वडूजचा, कोरडवाहू मुलखातला. मला हे सगळं बघून नवल वाटायचं. कॉलेजात आम्हाला औषधं शिकवली, माणसं शिकवली नव्हती. आक्का मला फार आवडायच्या, आणि हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

आता आबांचं सांगतो. ते सांगायला बसलो की माझा दर वेळी गोंधळ होतो, तेव्हा सांभाळून घ्या.

आबा म्हणजे जवळच्या गावातले द्राक्षबागायतदार. साठी ओलांडलेली, पण बागेत दिवसभर राबणारे. बीपी वाढलेलं, आणि दोन वर्षं गोळीला हात लावला नव्हता. "मला काय हुतंय? डोकं दुखत न्हाई, चक्कर न्हाई. गोळी कशाला?" डॉक्टर त्यांच्यावर ओरडून थकले होते. शेवटी आबा आक्कांच्या टेबलापुढं आले. चिठ्ठी पालथी झाली. धंदा कळला.

"आबा, डावनीचा फवारा कवा मारता? पानावर डावनी दिसल्यावर, का आधी?"

डावणी हा द्राक्षावरचा रोग, एवढं मलाही तोवर माहीत झालं होतं.

"दिसल्यावर मारून काय उपेग? बाग गेलीच की. आधी मारायचा."

"मग बीपीचं तसंच हाय. वरनं काय दिसत न्हाई, आतनं शिरा खराब करतंय. गोळी म्हंजे तुमचा आधीचा फवारा. रोजचा."

आबांनी मांडीवर थाप मारली. "असं सांगा की मग! दोन वर्सं उगंच भांडलो त्या डॉक्टरशी." मग आक्का गप्प बसल्या आणि आबांनी कळलेलं सगळं परत सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडं नाही. आक्कांपेक्षा चांगलं सांगितलं, असं मला वाटलं.

आबा आक्कांचे लाडके पेशंट झाले. बाकावर बसल्या बसल्या ते शेजाऱ्याला "फवारा, फवारा" करून बीपी समजावू लागले. मी त्यांना 'डॉक्टर आबा' म्हणून चिडवायचो.

पण एक गोष्ट जुळत नव्हती. मधेच कधी बाजाराला आले की आक्का सहज त्यांचं बीपी मोजायच्या, तेव्हा ते अगदी ठीक असायचं. दर तीन महिन्यांनी तपासणीला आले की मात्र वाढलेलं. डॉक्टर म्हणाले, "काही लोकांचं दवाखान्यात आल्यावर भीतीनं वाढतं." पण आबा आणि भीती? आणि आक्कांचं टेबल काय दवाखान्याबाहेर होतं? डॉक्टरांनी गोळी वाढवली. पुढच्या तपासणीला पुन्हा तेच.

"आबा, गोळी चुकत न्हाई न्हवं?" आक्का विचारायच्या.

"आक्का, फवारा चुकवनारा मानूस न्हवं मी."

खोटं बोलणारा माणूसही नव्हता तो. आक्का चिठ्ठी सुलटी करून, उलटी करून बघत बसायच्या. डॉक्टर बुचकळ्यात, आक्का बुचकळ्यात. मी तर खिडकीत बसून त्यांना गोळ्या मोजून देत होतो. तीन महिन्यांच्या द्यायला लागलो की आबा म्हणायचे, "दोन पाकिटं कमी दे. घरात शिल्लक हायत." मला वाटायचं, माणूस टापटिपीचा आहे, उगाच साठा करत नाही. रोज गोळी घेणाऱ्याच्या घरात दोन पाकिटं शिल्लक कशी राहतील, हे मी एकदाही विचारलं नाही. औषधं देणं हेच माझं काम होतं, तरी विचारलं नाही.

एका सकाळी, तपासणीला चार दिवस राहिले असताना, आबा बागेत कोसळले. मेंदूतली शीर फुटली होती. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. दोन दिवसांनी त्यांची सून जुन्या चिठ्ठ्या न्यायला आमच्याकडं आली.

आक्कांनी तिला बसवलं, पाणी दिलं. "गोळ्या चालू हुत्या न्हवं, बाळ?"

"न्हवत्या की. तपासनी जवळ आली की आबा पंधरा दिस गोळी बंदच करत्यात. परत्येक टायमाला."

"बंद? का गं?"

"रिपोर्टात औषद सापडू नये म्हनून."

मला काहीच कळलं नाही. रिपोर्टात औषध सापडलं तर सापडलं, त्यात काय? मी आक्कांकडं पाहिलं. त्या हळूहळू खुर्चीत बसल्या. सून चिठ्ठ्या घेऊन गेली.

मग म्हणाल्या, "तुमच्या वडूजला द्राक्षं न्हाईत, तुला काय कळनार. परदेशी माल जायचा असला की आधी लॅबमधे तपासत्यात. फवाऱ्याचं औषद घडात सापडलं की सगळा माल नापास. म्हनून काढनीच्या आधी दिवस मोजून फवारा बंद ठेवायचा. ह्या गावातलं शेंबडं पोर बी हे जानतंय." मग चष्मा उतरवून म्हणाल्या, "आनि गोळी म्हंजे फवारा, हे मीच सांगितलं रं."

तेव्हा माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जुळत गेली. शिल्लक पाकिटं, वाढलेलं बीपी, 'फवारा चुकवनारा मानूस न्हवं मी.' आबांनी काहीच चुकवलं नव्हतं. उलट नीट, नियमानं, चांगल्या बागायतदारासारखं सगळं केलं होतं. आक्कांनी त्यांना फवाऱ्यापर्यंत नेलं आणि पुढचं ते आपल्या अकलेनं चालत गेले.

डॉक्टर म्हणाले, "गोळी चालू असती तर झालं नसतं, असं कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण बंद करायला नको होती." आक्कांनी त्यातलं फक्त दुसरं वाक्य ऐकलं.

मी त्यांना म्हणालो, "आवं आक्का, तुमी द्राक्षाचं सांगितलं नसतं तर त्यांनी गोळी तोंडातच घातली नसती. दोन वर्षं घेत नव्हतेच की."

"ते बी खरं," त्या म्हणाल्या. "आनि हे बी खरं. मग मी करायचं काय?"

मी खिडकीतली पाकिटं उगाच लावत बसलो.

त्या दिवसापासून आक्का धंदा विचारेनाशा झाल्या. कुपवाडला कारखान्यात काम करणारी एक बाई आली, थायरॉईडची. आक्कांनी चिठ्ठी सरळ धरली आणि डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे वाचून दाखवले. बाई मान हलवून उठली आणि माझ्या खिडकीशी येऊन हळूच विचारू लागली, "आक्का काय म्हनल्या ओ?" मी काहीतरी सांगितलं. ते तिला कळलं की नाही, देव जाणे. महिनाभरानं आक्का यायच्याच बंद झाल्या. त्यांची मुलगी साताऱ्याला होती, ती कधीपासून बोलावत होती. त्या जायला निघाल्या, पण आठवडा गेला, दुसरा गेला, त्यांचा पाय निघेना. एका गुरुवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, त्यांनी मला फोन केला. "गाडी काढ रं. आबांच्याकडं जायचंय. त्यांना एक विचारल्याबिगर मला साताऱ्याला जाता यायचं न्हाई."

सांगलीहून घरी आणलेले आबा सोप्यात खुर्चीवर बसले होते. उजवा हात मांडीत पडलेला. आक्कांना बघून त्यांचे डोळे मोठे झाले. सुनेनं आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, "आता एकच शब्द ऱ्हायलाय त्यांच्याकडं. काय बी विचारा, तेवढंच म्हनत्यात. मनात काय असतंय, आमाला बी कळत न्हाई."

आक्का पुढं सरकून बसल्या. आवाज नेहमीचा नव्हता.

"आबा, माझं चुकलं का?"

"व्हय," आबा म्हणाले. स्पष्ट, मोठ्यानं.

आक्कांचं तोंड उतरलं. त्यांनी पदरानं डोळे टिपले. जरा वेळानं पुन्हा विचारलं, "आबा, माझं चुकलं न्हाई, न्हवं?"

"व्हय."

तोच आवाज, तोच चेहरा. आक्का माझ्याकडं वळल्या. "ह्यातलं कुठलं धरू रं?"

मी आबांच्या डोळ्यांत पाहिलं. ते ओले होते. पण पक्षाघाताच्या माणसाचे डोळे तसेही पाणावतात, हे मला माहीत होतं. आज मी वडूजला माझ्या स्वतःच्या दुकानात बसतो आणि बीपीच्या प्रत्येक पेशंटला सांगतो, की तपासणीच्या दिवशीसुद्धा गोळी घेऊन जा, औषध काम करतंय का तेच तर तिथं बघायचं असतं. ते ऐकून माणूस काय समजतो आणि घरी जाऊन काय करतो, हे मला ठाऊक नाही. आणि त्या दिवशीचा कुठला 'व्हय' खरा, तेही अजून उमगलेलं नाही.

सुनेनं बेदाण्याची वाटी आणून आबांच्या शेजारी स्टुलावर ठेवली. आबांनी डावा हात उचलला. वाटी सरकवायला त्यांना बराच वेळ लागला, दोनदा बोटं घसरली. पण शेवटी ती आक्कांच्या पुढ्यात आली. मला क्षणभर वाटलं, हे उत्तर. मग आठवलं, तासगावाकडं दारी आलेल्या कुणापुढंही बेदाण्याची वाटी सरकवतात, भांडण असलेल्याच्याही.

या वेळी 'कुठलं धरू' असं आक्कांनी मला विचारलं नाही. त्यांनी वाटी मांडीवर घेतली आणि एकेक बेदाणा उचलून, आबांच्याकडं बघत, सगळी वाटी संपवली.