जेवणाच्या वेळी बंद पडणारा कॅमेरा

क्लातेन शहराच्या आसपासच्या गावांत ज्या घरांना कॅमेरे बसलेत, त्यांतल्या निम्म्या भिंतींना भोकं गियार्तोनं पाडली आहेत. आणि त्या भोकांतली निम्मी चुकीच्या जागी आहेत. यातलं दुसरं म्हणणं त्याच्या बायकोचं, सुमिराचं. तो स्वतः पहिल्यापाशीच थांबतो.

वय त्रेपन्न. आधी रेडिओ दुरुस्त करायचा. रेडिओ गेले, तेव्हा लोकांच्या कौलांवर चढून टीव्हीचे अँटेना फिरवू लागला. अँटेना गेले, तेव्हा मोबाइल उघडले. आता कॅमेरे. स्कूटरला आडवी शिडी बांधून तो गल्लीत शिरला की कोंबड्यासुद्धा आपणहून बाजूला होतात. "यंत्र खोटं बोलत नाही," असं तो गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत म्हणतो, आणि गिऱ्हाईक उगाचच ओशाळतं.

त्याचे दोन नियम होते. बिघाड सापडल्याशिवाय काम सोडायचं नाही, आणि गिऱ्हाइकाकडे जेवायचं नाही. दुसरा नियम आईनं लहानपणीच कानात भरलेला. दुसऱ्याच्या घरी जेवणाची वेळ होत आली की आपण उठावं. घरचे "मोंग्गो, या, बसा जेवायला" म्हणणार, ते म्हणायचंच असतं. आणि आपण "आत्ताच जेवून आलो" म्हणायचं, तेही म्हणायचंच असतं. मग पोटात कावळे का ओरडेनात!

तर या गियार्तोनं म्बाह सातियेमच्या, म्हणजे सातियेम आजीच्या, स्वयंपाकघरात कॅमेरा बसवला. म्हातारी एकाहत्तर वर्षांची, पण अजून रोज तेंपे करते. सोयाबीन भिजवते, शिजवते, केळीच्या पानांत बांधून आंबवते आणि बाजारात नेऊन विकते. गेल्या वर्षी विहिरीपाशी पाय घसरून पडली आणि दोन तास तिथेच पडून राहिली. तैवानात एका म्हाताऱ्याची शुश्रूषा करणाऱ्या तिच्या लेकीनं, वार्सितीनं, त्या दोन तासांचा धसकाच घेतला. कॅमेरा तिनंच घ्यायला लावला. फडताळावर ठेवला की टेबल, चूल आणि विहिरीकडचं दार, सगळं एका नजरेत.

आठवड्यानं वार्सितीचा फोन आला. गियार्तोला ती मास, म्हणजे दादा म्हणे.

"मास गियार्तो, कॅमेरा बंद पडतो हो."

"कधी?"

"रोज. दुपारी आणि संध्याकाळी. मी सांभाळते ते बाबा जरा डोळा मिटतात, तेवढीच मला उसंत. मी बघायला जाते आणि नेमका तेव्हाच बंद!"

गियार्तो मनातल्या मनात हसला. दुपारी आणि संध्याकाळी म्हणजे स्वयंपाकाच्या वेळी. म्हातारीच्या घरची वीज एवढीशी. भाताचा कुकर लावला की मीटरचा खटका पडत असणार. तो छाती काढून गेला, मीटर दाखवला, सगळं समजावून सांगितलं.

"कुकरमुळेच होतंय ना, म्बाह?"

"हो रे बाबा, तसंच असेल," म्हातारी म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून निमूटपणे चुलीवर भात शिजवू लागली.

कॅमेरा बंद पडतच राहिला.

मग त्याला वाटलं, वायफायचा डबा कपाटामागे कोंडलाय, त्याचा दोष. तो भिंतीवर वर चढवला. (भोक दोनदा पाडावं लागलं.) "आता पोचेल ना कॅमेऱ्यापर्यंत?" "पोचेल की, न पोचायला काय झालं!" तरी तेच. तिसऱ्या खेपेला कॅमेऱ्याची वायर आणि पिन बदलली. जुनी पिन ढिली होती का? "होती खरी," म्हातारी म्हणाली. प्रत्येक वेळी साडेअकराच्या सुमाराला फोडणीचा वास सुटायचा, ती "मोंग्गो, दोन घास खाऊन जा" म्हणायची, आणि हा "आत्ताच जेवलो" म्हणत शिडी उचलायचा. दुखणं जेवणाच्या वेळचं, आणि डॉक्टर नेमका जेवणाआधी घरी!

शुक्रवारी वार्सितीचा पुन्हा फोन आला. या वेळी आवाजात चिडचिड नव्हती, त्यामुळे गियार्तो जास्त घाबरला.

"मास, आता पुरे. रविवारी पार्योतो गाडी घेऊन येतोय. कॅमेरा धड चालणार नसेल तर म्बोकला तो बेकासीला घेऊन जाईल. एकटीला ठेवून मला झोप लागत नाही."

म्बोक म्हणजे आई, आणि पार्योतो तिचा थोरला मुलगा. लांबच्या बेकासी शहरात तिसऱ्या मजल्यावर राहतो. गियार्तो तसाच उठून म्हातारीकडे गेला, तर तिला बातमी आधीच कळलेली. ती पानं पुसत बसली होती.

"बेकासीत केळीचं पान विकत घ्यावं लागतं म्हणे," ती एवढंच म्हणाली.

गियार्तोला वाईट वाटलं, आणि स्वतःची लाजही वाटली. एका म्हातारीचं घर सुटणार, तेही आपल्याला एक पिन नीट लावता येईना म्हणून! सुमिरानं वाढलेलं तो त्या रात्री अर्धंच जेवला. "भोक चुकलं का?" तिनं विचारलं. त्याचं तोंड बघून तिनं पुढे चिडवलं नाही.

शनिवारी तो दहालाच हजर झाला. बिघाड डोळ्यांनी बघितल्याशिवाय हलायचं नाही, असं ठरवूनच. साडेअकरा झाले. कॅमेरा ठणठणीत चालू. फोडणीचा वास सुटला.

"मोंग्गो, गियार्तो, जेवायला बस."

"नको, म्बाह. आत्ताच जेवलो."

"अरे, थोडंसं."

"नको नको, खरंच पोट भरलंय."

"घासभर तरी खा, लेकरा."

सवयीनं हात शिडीकडे गेला होता. तो त्यानं मागे घेतला. "बरं," तो म्हणाला, "घासभर."

म्हातारी गडबडली. आता काय करायचं अशा नजरेनं तिनं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा कॅमेऱ्याकडे. पण बोलावलंय म्हटल्यावर वाढणं आलंच. भात, नारळाच्या दुधातली भाजी, तळलेलं तेंपे, सांबलची तिखट चटणी. ताट त्याच्यापुढे ठेवलं, आपलं वाढून घेतलं, मग पदराला हात पुसत फडताळापाशी गेली. कॅमेऱ्यापुढे जराशी वाकली.

"वार्सिती, मी जेवून घेते हं, पोरी," ती हळूच म्हणाली, आणि कॅमेऱ्याची पिन उपटली.

गियार्तोचा घास तोंडातच राहिला.

"म्बाह! हे काय केलंत?"

"काय केलं?"

"तुम्हीच बंद करता? रोज?"

"मग! ती तिथून टकामका बघणार आणि मी तिच्यासमोर एकटी गिळत बसू? तिला घास घालावा म्हटलं तर घालता येत नाही. बरं दिसतं का ते?"

"अहो, कॅमेऱ्यात काय ती बसलेली असते?"

"बघते ना ती?"

"बघते."

"मग बसलेलीच की."

गियार्तोनं तोंडातला घास गिळला.

"मग मी तीन वेळा आलो, कुकर म्हणालो, पिन म्हणालो, तेव्हा सांगितलं का नाहीत?"

"एवढी शिडी वाहून आणलीस, घाम गाळून कारणं शोधलीस. तुझ्या तोंडावर नाही कसं म्हणू? आणि तू विचारलंस, बंद पडतो का. मी बंद करते का, हे कुठे विचारलंस!"

तो डोक्याला हात लावून बसला. यंत्र खोटं बोलत नव्हतं, म्हातारीही नव्हती. वेंधळा होता तो फक्त शिडीवाला. त्यातून एक गोष्ट आठवून तो आणखीच खजील झाला. नेट लवकर संपू नये म्हणून कॅमेऱ्याचा दोन्हीकडचा आवाज त्यानंच पहिल्या दिवशी बंद करून ठेवला होता. म्हातारी रोज लेकीला सांगून उठत होती, आणि लेकीला त्यातलं अवाक्षर ऐकू जात नव्हतं.

त्यानं पिन परत लावली, आवाज चालू केला आणि वार्सितीला फोन करून सगळं सांगितलं. तिनं फोन ठेवला. मग फोनऐवजी फडताळावरून आवाज आला, कॅमेऱ्यातून.

"म्बोक."

म्हातारीनं ताट झटकन मागे लपवलं.

"लपवू नकोस, दिसलं मला. जेव. मी जिन्यात बसलेय, माझाही डबा आहे मांडीवर. तू बसलीस की झाकण उघडते."

"डब्यात काय आहे?"

"कोबी."

"नुसता?"

"नुसता."

म्हातारीनं 'च्' केलं, पण बसली. तिकडे जिन्यात चमचा डब्याला लागल्याचा आवाज या स्वयंपाकघरात ऐकू येत होता. गियार्तोनं दोनदा भात घेतला. दुसऱ्या वेळी तर मागून घेतला.

"आणि पार्योतोला सांगते," वार्सिती घास गिळत म्हणाली, "भेटायला ये म्हणावं. गाडी मात्र रिकामीच परत जाईल."

दहा दिवस सुखाचे गेले. अकराव्या दिवशी भरदुपारी तिचा फोन आलाच.

"मास, आवाज येतोय, पण चित्र धूसर झालंय. सगळं पांढरंफटक. म्बोक दिसतच नाही!"

गियार्तो स्कूटर दामटत पोचला. म्हातारी विहिरीवर हात धुवायला गेली होती. टेबलावर तिचं ताट मांडलेलं. आणि वर फडताळावर, कॅमेऱ्याच्या अगदी नाकाखाली, आणखी एक ताट. नुकताच चुलीवरून उतरलेला भात, तळलेलं तेंपे, वाटीत भाजी. भाताची वाफ थेट काचेवर.

तो उभा राहून बघत राहिला. खिशातलं फडकं काढलं आणि तसंच परत ठेवलं.

"सापडला का बिघाड?" कॅमेऱ्यातून वार्सितीनं विचारलं.

"बिघाड नाही गं," तो म्हणाला. "तुझं ताट वाढलंय. भात गरम आहे, जरा निवू दे."

तिकडे जिन्यात नाक ओढल्याचा आवाज आला.

"मास," ती म्हणाली, "वाफेतून जरा दिसायला लागलंय. म्बोकला सांगा, माझ्या ताटात सांबल वाढायचं राहिलंय."