हौदकाकांचा वास

हौदकाकांना गल्लीत कोणी नावाने हाक मारली नाही. बत्तीस वर्षं ते चामडं कमावायच्या कारखान्यात चुन्याच्या हौदावर होते. कातडी भिजवायची, वर ओढायची, केस खरवडायचे. चामडं मालकाकडे गेलं, वास यांच्याकडे राहिला. बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा नेहमी रिकामी. न्हावी म्हणायचा, "काका, दुकान बंद करायच्या वेळेला या." काका हसण्यावारी न्यायचे, पण मनाला लागायचंच की हो.

नाक मुरडलं नाही ते एकट्या काकूने. दहा वर्षांपूर्वी तिची दृष्टी गेली, आणि अलीकडे डोकंही साथ देईना. पोटच्या मुलीला ती शेजारीण समजायची. पण संध्याकाळी दारात तो वास आला की मान वळवून विचारायची, "आलात?" मग तोंड उघडायची. घास काकांच्याच हातचा. दुसऱ्या कोणी चमचा पुढे केला, तर ओठ घट्ट मिटायची.

मग काकांच्या खोकल्यातून रक्त पडलं. डॉक्टरांनी बजावलं, "पुन्हा हौदाजवळ गेलात, तर फुप्फुसांची आशा सोडा." काकांनी काम सोडलं. लग्न झालेली मुलगी दर रविवारी यायची, तिने हौसेने सुगंधी शॉवर जेलची बाटली आणली. "बाबा, साबणासारखं नाही हे. कातडी कोरडी पडत नाही, वास दिवसभर टिकतो."

पोरीचं खरं होतं. चुन्याने चिरलेली बोटं पहिल्यांदाच आग न होता धुतली गेली. एवढा फेस पाहून काका न्हाणीघरात एकटेच हसले. आठवड्याभरात बसमध्ये एक बाई आपणहून शेजारी बसली, न्हाव्याने भर सकाळी खुर्ची दिली. साठी उलटल्यावर त्यांना माणसात आल्यासारखं वाटलं. फायदे म्हणाल तर एक ना दोन!

फक्त काकू जेवेना. "कोण हो तुम्ही? आमचे हे घरी नाहीत," म्हणत ती भिंतीकडे सरकली. पहिल्या दिवशी काकांना गंमत वाटली. चौथ्या दिवशी तिचे गाल आत गेले, तेव्हा त्यांनी जुने कपडे धुंडाळले.

कारखान्यातला शेवटचा मळका सदरा एका पोत्यात पडला होता. तो त्यांनी अंगात घातला. "आलात?" काकूने विचारलं आणि दूध-पाव वाटीभर खाल्ला. तेव्हापासून काका तो सदरा पिशवीत गाठ मारून ठेवायचे, जेवणापुरता बाहेर काढायचे. मुलीला यातलं काही सांगितलं नाही. तुझ्या बाटलीने तुझी आई उपाशी राहिली, हे लेकीला कोणत्या तोंडाने सांगायचं?

तिथेच चुकलं. रविवारी मुलीच्या हाती पिशवी लागली. "बाबा, काय हा घाण सदरा! अर्धी बाटली ओतली, पण चकाचक केला." दोरीवरचा सदरा काकांनी नाकाशी नेला, नुसता जेलचा वास. रागवायचं कुणावर? पोरीने मायेनेच धुतला होता.

त्यांनी हौदावरच्या एका गड्याचा सदरा मागून आणला. त्याला परका घाम होता, काकू फसली नाही. तिसऱ्या दिवशी तिला पाणीही गिळवेना, तेव्हा काका कारखान्याच्या फाटकाशी गेले.

नवा रखवालदार अदबीने म्हणाला, "साहेब, ऑफिसचं दार पलीकडे आहे."

जन्मात पहिल्यांदा त्यांना कोणी साहेब म्हटलं होतं. आतून मुकादम धावत आला. "काका, डॉक्टर काय म्हणाले, विसरलात? कामावर घेता यायचं नाही."

"काम नको रे. मजुरीही नको. दिवसभर हौदाकाठी उभं राहू दे."

मुकादमाने फाटक उघडलं. मग बाजूला झाला.

संध्याकाळी बसमध्ये शेजारची बाई उठून मागे जाऊन बसली. काकांना हायसं वाटलं.

"आलात?" काकूचा आवाज अगदी खोल गेला होता. "किती दिवस लावलेत हो!"

"आता रोज येईन," काका म्हणाले आणि त्यांनी पहिला घास भरवला. तेवढ्यात खोकल्याची उबळ आली. तोंड पुसून त्यांनी लाल झालेला रुमाल घाईघाईने पाठीमागे लपवला, आंधळ्या बायकोपासून.