बंडू गुरगुरतो

ससा चावतो, आणि चावण्याआधी गुरगुरतो, ही माहिती मला वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, कोथरूडच्या माझ्या स्वतःच्या गॅलरीत, उजव्या पोटरीमार्फत मिळाली.

बंडू आमचा ससा. खरं तर माझ्या मुलीचा, ईशाचा. ती सहावीत आहे. वर्षभरात बंडूने कोथिंबिरीच्या जुडीपलीकडे कशालाही दात लावला नव्हता. त्या सोमवारी मी नेहमीप्रमाणे झाडू-सुपली घेऊन गॅलरीत गेलो. (गॅलरी लख्ख ठेवणं हा माझा नेम, आणि त्याचा मला नको इतका अभिमान.) कोपऱ्यात बंडूने गवताचा आणि केसांचा भलामोठा पसारा करून ठेवला होता. तो मी सुपलीत भरला मात्र, हे दीड किलोचं पांढरं प्रकरण कान मागे टाकून माझ्या अंगावर आलं. आधी सुपलीला दोन ठोसे, मग थेट पोटरी. मी घरात पळालो आणि दार लावून घेतलं.

"काय झालं?" माझी बायको, अनघा, स्वयंपाकघरातून आली.

"बंडू चावला."

"तुम्ही काय केलंत?"

वीस वर्षांच्या संसारानंतर पहिला प्रश्न हा!

टीटीचं इंजेक्शन देताना डॉक्टरांनी विचारलं, "कुत्रा?"

"ससा," मी हळूच म्हणालो.

"जरा मोठ्याने. केसपेपरवर लिहायचंय."

मंगळवारी मी हेल्मेट घालून झाडायला गेलो. अनघा दारात उभी राहून बघत होती. "अहो, तो पायाला चावतो. हेल्मेट पायात घाला." बुधवारी झाडूच्या चार काड्या गेल्या. गुरुवारपर्यंत माझ्या चपलांचा आवाज आला तरी आतून धप्प-धप्प पाय आपटल्याचं ऐकू येऊ लागलं. मला माझ्याच घरात एका सशाची भीती वाटत होती, हे कोणाला सांगावं?

त्या संध्याकाळी मी ईशावर घसरलो. "तूच लाडावून ठेवलंयस त्याला."

"बाबा, बंडू असा नाहीये. त्याचं काहीतरी बिनसलंय."

मी ऐकलं नाही. माझ्या ऑफिसातल्या कदमांचं खडकवासल्याजवळ शेत आहे. ईशासमोरच त्यांना फोन केला आणि सांगून टाकलं, रविवारी या आणि ससा घेऊन जा. ईशा रडली नाही. ताट सारून उठली आणि माझ्याशी बोलायची थांबली. रडली असती तर परवडलं असतं.

शनिवारी सकाळी अनघा म्हणाली, "द्यायचाच असेल तर निदान जनावरांच्या डॉक्टरांना दाखवून द्या. दुखत असेल काही." तिघंही गेलो. डॉक्टर बाई होत्या, बोलायला फटकळ. त्यांनी बंडूला उलटसुलट करून तपासलं.

"हा नर आहे असं कोणी सांगितलं?"

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. (दुकानदाराला विचारायचा संकोच वाटला होता. मी चेहऱ्यावरून ठरवलं होतं.)

"मादी आहे. आणि आपल्याला पिल्लं होणार अशी हिची समजूत झालीये. नाहीयेत पिल्लं, पण माद्यांचं होतं असं कधीकधी. छातीवरचे केस उपटलेत बघा. घरटं कुठे केलंय?"

"कसलं घरटं?" मी विचारलं.

"गवताचं. हे केस अंथरून. केलेलं असणारच."

मला तो कोपऱ्यातला पसारा आठवला.

"मी ते झाडतो," मी म्हणालो.

"कधी झाडलंत?"

"रोज."

"रोज?"

"दोनदा. ऑफिसच्या आधी आणि ऑफिसनंतर. मग फिनाइलने पुसतो."

डॉक्टरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. बंडू बिचारी स्वतःच्या अंगावरचे केस उपटून पिल्लांसाठी गादी करायची, आणि मी ती कचऱ्यात टाकायचो. तिने पुन्हा करायची, मी पुन्हा टाकायची. असं अकरा वेळा. (ओल्या कचऱ्यात की सुक्या, याचा मात्र मी प्रत्येक वेळी नीट विचार केला होता.)

"पंधराएक दिवसांत निवळेल," डॉक्टरबाई शेवटी म्हणाल्या. "मग नसबंदीचं ऑपरेशन करून घ्या. तोवर घरट्याला हात लावायचा नाही आणि हिला कुठेही हलवायचं नाही. ज्याच्यावर राग आहे त्याने जरा लांबच राहायचं."

रविवारी कदम टोपली घेऊन हजर. मला फोन करून नको म्हणायचा धीर झाला नव्हता. आता दारातच सगळं कबूल करावं लागलं, अकराच्या आकड्यासकट. शेजाऱ्यांचं दार अर्धं उघडं होतं, ते पूर्ण उघडलं.

"म्हणजे ससा द्यायचा नाही," कदम म्हणाले.

"बंडू कुठेही जाणार नाही, काका." तीन दिवसांनी ईशा पहिल्यांदा बोलली, तीही माझ्याशी नव्हे. "डॉक्टरांनी सांगितलंय. न्यायचंच असेल तर बाबाला न्या."

मला वाटलं, कदम हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत सावकाश न्याहाळलं आणि अनघाकडे वळून विचारलं, "वहिनी, हे खातात काय?"

"काहीही घाला," अनघा म्हणाली. "चावत नाहीत."